कापलेला सांधा

शर्यतीच्या तपासणीला २१ दिवस उरले होते तेव्हा आमच्या ट्रकला चाकं नव्हती. सांगाडा चार लोखंडी स्टँडवर उभा होता. इंजिन कोपऱ्यात साखळीच्या कप्पीला लटकत होतं. भिंतीवरच्या फळ्यावर दादाने खडूने लिहिलेला आकडा रोज सकाळी एकाने कमी व्हायचा. तो पुसून नवा लिहायचं काम त्याने स्वतःकडे ठेवलं होतं. मी त्या फळ्याकडे फारसं बघायची नाही. दादा दिवस मोजायचा आणि मी वेल्डिंगचे सांधे मोजायची, कारण सांधे माझ्याकडे होते.

ट्रक म्हटलं की डोळ्यांसमोर माल भरलेली, मागे रंगीत अक्षरं लिहिलेली गाडी उभी राहते. हा ट्रक तसला नव्हे. वाळवंटातल्या शर्यतीत पळणारी ही गाडी लांबून पिकअपसारखी दिसते, पण पत्रा बाजूला केला तर आत निव्वळ पाइपांचं जाळं असतं. त्या जाळ्यात दोन सीट, एक इंजिन, एक पेट्रोलची टाकी, आणि चाकांना खूप वर-खाली जाऊ देणारे लांब हात. या प्रकारातल्या सर्वांत वरच्या वर्गाच्या गाड्यांची पुढची चाकं साधारण ६० सेंटिमीटर हलतात, मागची ७५ सेंटिमीटरच्याही पुढे, आणि इंजिनाची ताकद ८०० अश्वशक्तीहून जास्त असते. आमची गाडी त्या वर्गातली नव्हती. पण खड्डा आला की वेग कमी न करता चाकाने तो गिळावा, आणि आत बसलेल्यांचा मणका शाबूत राहावा, हा हेतू तोच.

शर्यतीत दादा गाडी चालवतो. मी शेजारच्या सीटवर बसून रस्ता सांगते. म्हणजे जो पिंजरा मी जोडते त्याच्याच आत मी बसते. ही गोष्ट मला कुणी बोलून दाखवावी लागत नाही. प्रत्येक वेळी वेल्डिंगची टोपी खाली ओढताना ती मनात असतेच.

आमचं वर्कशॉप म्हणजे घराला लागून असलेली एक लांबट खोली. लांबी ७ मीटर. ट्रक साडेपाच मीटरचा आणि रुंदीला दोन मीटरच्या वर. दार लावलं की पुढे-मागे जेमतेम माणूस वावरेल एवढी जागा उरायची. पाइप वाकवायचं यंत्र वापरायचं तर ते दारात आणून पाइपाचं दुसरं टोक बाहेर काढावं लागे. पाऊस आला की ते काम बंद. अशा जागेत काम केलं की एक सवय आपोआप लागते: हातातलं हत्यार जिथून घेतलं तिथेच परत जातं, कारण दुसरीकडे ठेवायला जागाच नसते.

सुरुवात पाइपापासून झाली. पिंजऱ्याच्या मुख्य कमानीसाठी एफआयए या मोटारशर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमात ४५ मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मिलिमीटर जाडीचा, किंवा ५० मिलिमीटर व्यासाचा आणि २ मिलिमीटर जाडीचा बिनशिवणीचा पोलादी पाइप सांगितला आहे. तो थंडच वाकवायचा. वाकाची त्रिज्या पाइपाच्या व्यासाच्या किमान तिप्पट हवी. वाकाच्या जागी पाइप थोडा चपटा होतोच, पण तिथला लहान व्यास मोठ्या व्यासाच्या ०.९ पटीपेक्षा खाली गेलेला चालत नाही. वाचताना हे आकडे कोरडे वाटतात. पहिला पाइप वाकवून त्याला व्यास मोजायचा कॅलिपर लावला तेव्हा त्यांचा अर्थ कळला. हाताला गोल लागणारा पाइप कॅलिपरमध्ये अंडाकृती निघाला आणि तो बाजूला ठेवावा लागला. दुसराही. तिसऱ्या वेळी यंत्राचा साचा नीट बसवला, दांडा सावकाश ओढला, आणि मग जमलं. नियम करणाऱ्यांनी हे कुठल्याशा टेबलावर बसून ठरवलेलं नाही. असा चपटा पाइप कुणाच्या तरी डोक्यावर दुमडला असेल, त्यानंतर तो आकडा कागदावर आला असेल, असं मला वाटतं.

वाकवण्यापेक्षा अवघड काम टोक कोरण्याचं. एक पाइप दुसऱ्या पाइपाला तिरका येऊन भिडतो तेव्हा त्याचं टोक सरळ कापून चालत नाही. समोरच्या गोलाईवर बसेल असा त्याला माशाच्या तोंडासारखा आकार द्यावा लागतो. होल-सॉने, म्हणजे गोल भोक पाडणाऱ्या करवतीने, तो साधारण येतो, बाकीचं कानशीने. टोक जागेवर धरायचं, पलीकडून बॅटरी लावायची, आणि फटीतून उजेड येतोय का ते बघायचं. उजेड दिसला की पुन्हा कानस. यात अर्धा तास जातो, कधी एक. मुदत अंगावर आलेली असताना हा अर्धा तास फार जड जातो. फट राहिली तरी वेल्डिंगची तार ती भरून काढेल असं मन सांगू लागतं. तार भरून काढतेही. पण मग त्या जागी पाइप पाइपाला टेकलेला नसतो, दोघांमध्ये नुसता भराव असतो.

आम्हाला हे शिकवलं काकांनी. काका म्हणजे बाबांचे मित्र, आयुष्यभर वेल्डिंग केलेले, आता निवृत्त. ते रोज संध्याकाळी येत, स्टुलावर बसत आणि विचारल्याशिवाय बोलत नसत. सांगाड्याच्या दुसऱ्या महिन्यात मी मधल्या चौकटीची डावी बाजू एका दमात जोडून टाकली होती. दुसऱ्या दिवशी दादाने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टेप लावली. दोन कर्णांमध्ये ४ मिलिमीटरचा फरक. चौकट तिरकी झाली होती. मी काकांकडे बघितलं.

"तापलं की लोखंड फुलतं हे सगळ्यांना ठाऊक असतं," ते म्हणाले. "थंड होताना ते ओढून घेतं, ते लक्षात ठेव."

एक मीटर पोलाद १०० अंशांनी तापलं की साधारण १.२ मिलिमीटर वाढतं. सांध्यापाशी तर धातू वितळलेला असतो, म्हणजे १५०० अंशांच्या आसपास. तो जागेवरच गोठतो आणि गोठताना आजूबाजूचं सगळं स्वतःकडे खेचतो. म्हणून आधी सगळीकडे नुसते टाके मारायचे, मग एक सांधा डावीकडे, एक उजवीकडे, एक वर, एक खाली, असं फिरत राहायचं. प्रत्येक ओढीला समोरून उत्तर मिळालं पाहिजे. त्या ४ मिलिमीटरने आमचे दोन दिवस घेतले. कापलं, जॅकने रेटलं, ओळंबे सोडले, पुन्हा टाके मारले. चार ओळंबे छतापासून जमिनीपर्यंत सोडलेले आणि त्यांच्या टोकांखाली खडूच्या खुणा. इतक्या आधुनिक गाडीची मोजमापं दोरी आणि शिशाच्या गोळ्याने घेताना मला फार बरं वाटायचं. ओळंबा खोटं सांगत नाही.

त्या दिवसांत रात्री झोप येत नसली की मी जुन्या शर्यतींबद्दल वाचायची. वाळवंटातल्या या खेळाचं मूळ गॅरेजमध्येच आहे, आणि त्याचा मला आधार वाटायचा. ब्रूस मायर्स फायबरग्लासच्या होड्या बांधायचे. १९६४ साली कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीच इथल्या आपल्या गॅरेजमध्ये त्यांनी फोक्सवॅगनच्या इंजिनावर फायबरग्लासची एक हलकी, उघडी गाडी उभी केली. तिचं नाव मायर्स मँक्स. १९६७ च्या एप्रिलमध्ये ते आणि टेड मँगल्स त्या गाडीतून मेक्सिकोतला बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्प ३४ तास ४५ मिनिटांत पार करून गेले. त्याआधी, १९६२ मध्ये, मोटरसायकलवरून तो प्रवास ४० तासांच्या थोडा आत झाला होता. त्याच १९६७ च्या शेवटी टिहुआना ते ला पाझ अशी पहिली शर्यत भरली. पुढे तिलाच बाहा १००० म्हणू लागले. ती जिंकली विक विल्सन आणि टेड मँगल्स यांनी, २७ तास ३८ मिनिटांत, मँक्समध्येच. मग चारच वर्षांनी, १९७१ ला आणि पुन्हा १९७२ ला, अमेरिकी ड्रायव्हर पार्नेली जोन्स 'बिग ओली' नावाची गाडी घेऊन जिंकले. बाहेरून फोर्डची ब्रॉन्को आणि आतून पाइपांचा सांगाडा. आजच्या ट्रकचं कूळ तिथे सापडतं.

या वाचनातून माझ्या हाती एक गोष्ट लागली. मँक्सकडे ताकद नव्हती, तिच्याकडे हलकेपणा होता. तिच्यात असं फारसं काही नव्हतंच जे तुटावं. १८ दिवस उरले असताना मी आणि दादा फळ्यासमोर उभे राहिलो आणि आमच्या यादीतून काय काढता येईल ते ठरवायला बसलो.

मागच्या बाजूला चार बायपास शॉकअप घ्यायचे असा बेत होता. त्यांच्या अंगावर बाहेरून नळ्या असतात आणि दट्ट्या कुठवर पोचला आहे त्यानुसार तेलाला वेगळी वाट मिळते. त्यामुळे छोट्या खड्ड्यात मऊपणा आणि मोठ्या आदळण्यात ताठपणा, दोन्ही मिळतं. पण त्यांचा मेळ बसवायला आठवडे लागतात. ते गेले. त्याऐवजी नायट्रोजन भरलेल्या वेगळ्या डबीचे साधे शॉकअप, चाकाची हालचाल पुढे ४० आणि मागे ५० सेंटिमीटर. पत्र्याला रंग गेला. मागचा फायबरचा भाग गेला, त्या जागी ॲल्युमिनियमचे सपाट पत्रे आले. दुसऱ्या स्टेपनीची चौकट गेली. दादाला रंग न देण्याचं सर्वांत वाईट वाटलं. लहानपणापासून त्याने वहीत जे ट्रक काढले ते सगळे निळे होते. त्याने 'रंग' या शब्दावर काट मारली आणि खडू खाली ठेवला, एवढंच.

मुदतीची एक गोष्ट मला मनापासून पटते. ती नसती तर आम्ही त्या बायपास शॉकअपसाठी आणखी एक वर्ष घालवलं असतं, मग आणखी काही सुचलं असतं. घरच्या वर्कशॉपमध्ये अर्धवट राहिलेल्या कितीतरी गाड्या मी पाहिल्या आहेत. चादरीखाली झाकलेल्या, चांगल्या हातांनी सुरू केलेल्या. त्यांच्या मालकांना मुदत नव्हती. आम्हाला होती: गुरुवारी सकाळी ८ वाजता तांत्रिक तपासणी. कुणाला फोन करून ती पुढे ढकलता येत नव्हती.

पण तीच मुदत माझ्या हातून काय करून घेईल हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आमचे बहुतेक सांधे टिग वेल्डिंगचे. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात भरायची सळई, पायाखाली करंटचं पेडल. टॉर्चच्या टोकाला टंगस्टनची सुई असते. टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतं, त्यामुळे ती टिकते आणि तिच्यासमोरचं पोलाद पाझरू लागतं. आरगॉन वायू हवेला दूर ठेवतो. आधी पाइपावर एक चकचकीत थेंब तयार होतो, दोन्ही कडा त्यात मिसळतात, आणि मगच सळई बुडवायची. ही पद्धत संथ आहे, पण तिच्यात पाइप वितळलेला डोळ्यांना दिसतो. मिगमध्ये तार यंत्रातून आपोआप येते, नुसता घोडा दाबायचा. काम तिप्पट वेगाने होतं. अडचण एवढीच की तार कशीही वितळतेच. तिच्याखालचा पाइप वितळला की नाही, हे बाहेरून कळेलच असं नाही.

९ दिवस उरले होते त्या रात्री मी मिग काढलं. संध्याकाळी त्याच यंत्राने पातळ पत्र्याचे क्लँप जोडले होते, सव्वा मिलिमीटरचे. रात्री पावणेदोनपर्यंत ११ सांधे झाले. त्यांतले ४ पिंजऱ्यातले: सीटच्या मागचा तिरका पाइप आणि छताचे दोन कोपरे. बाकीचे सीटच्या बैठकीचे आणि मागच्या चौकटीचे. सकाळी उजेडात बघितले तर ते देखणे होते. सारख्या अंतराचे खवले, कुठे छिद्र नाही, कुठे थेंब उडालेला नाही. दादाने फळ्यावर एका झटक्यात ११ खुणा केल्या आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मला आनंद झाला होता, हे मी लपवणार नाही.

तिसऱ्या संध्याकाळी काका स्टुलावरून उठले आणि भंगाराच्या डब्यात काहीतरी शोधू लागले. कुठलंही काम सुरू करण्याआधी उरलेल्या दोन तुकड्यांचा एक नमुना जोडून बघायचा, ही त्यांचीच शिकवण. त्या रात्री मी तो जोडला होता, वरवर बघितला होता आणि डब्यात टाकला होता. तो त्यांनी काढला.

"हा त्या रात्रीचा?"

"हो काका."

"तोडून बघितलास?"

मी काहीच बोलले नाही. त्यांनी नमुना व्हाइसमध्ये पकडला, एका बाजूने करवतीने सांध्यात थोडी खाच घेतली आणि दोन किलोचा हातोडा मारला. एकच. चांगला सांधा असता तर पाइप दुमडला असता. इथे पाइप दुमडला नाही. वेल्डिंगची पट्टी एका कडेने उचलली गेली, चिकटवलेलं पाकीट उघडावं तशी.

तो तुकडा मी हातात घेतला. पट्टीच्या खालचा पाइप चकचकीत होता. वेल्डिंगच्या आधी गंज काढायला मी त्यावर ग्राइंडर फिरवला होता. त्या ग्राइंडरचे बारीक, तिरके ओरखडे पाइपावर जसेच्या तसे होते. एकही पुसला गेला नव्हता. वितळलेल्या धातूखाली ओरखडा राहत नाही. ओरखडे आहेत याचा अर्थ पाइप कधी वितळलाच नव्हता, वितळलेली तार त्यावर फक्त पसरली आणि थिजली. पट्टीची आतली बाजू पालथी केली तर त्या ओरखड्यांचा ठसा तिच्यावर उमटलेला होता, मेणावर बोटांचे ठसे उमटावेत तसा.

यंत्राची बटणं संध्याकाळच्या पातळ पत्र्यावर होती. तारेचा वेग मी वाढवला, व्होल्टेज वाढवायचं राहून गेलं. मी थकलेली होते आणि मला तो आकडा कमी करायचा होता.

काका काही बोलले नाहीत. तुकडा माझ्या हातात ठेवून ते परत स्टुलावर बसले. दादा ट्रकच्या खाली होता. तो बाहेर आला, त्याने तुकडा बघितला. तो वेल्डर नाही, पण त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

"किती?" त्याने विचारलं.

"सगळे ११. बटणं तीच होती."

"वरून पुन्हा मारलं तर?"

"आतलं तसंच राहील. पिंजऱ्यातले पाइपच बदलावे लागतील, घासून खोलवर जायचं तर भिंत पातळ होते."

फळ्यावर ६ होता. त्या सहांपैकी एक दिवस मोकळ्या माळावर गाडी पळवून बघण्याचा होता, तोच एक. दादा बराच वेळ त्या दिवसाकडे बघत होता. दुसऱ्या कुणाचा निर्णय असता तर मी काहीतरी बोलले असते. पण त्या कोपऱ्याखाली माझं डोकं असणार होतं आणि तिरक्या पाइपाला त्याची पाठ, आणि दोघांनाही ते माहीत होतं. शेवटी त्याने ग्राइंडरची वायर उचलली आणि पिन बोर्डात लावली.

"चकत्या किती आहेत?" तो म्हणाला.

स्वतः जोडलेलं स्वतः कापणं सोपं नसतं. चकती आत जाते तसा पाइप आतल्या ताणाने किंचित सरकतो आणि चकतीला चावतो. तो धक्का मनगटाला बसतो. चौथा पाइप सुटला तेव्हा छताचा कोपरा दोन मिलिमीटर खाली आला आणि पुन्हा ओळंबे सोडावे लागले. नवीन पाइप वाकवले, टोकं कोरली, पलीकडून बॅटरी लावली. सगळे सांधे टिगने केले. प्रत्येक सत्राच्या आधी एक नमुना, व्हाइस, हातोडा. आणि रात्री ११ नंतर टॉर्च हातात घ्यायचा नाही असं मी फळ्यावर लिहिलं. दादाने त्या ओळीखाली रेघ मारली.

११ नंतर दुसरी कामं व्हायची, ज्यात चूक झाली तर ती लगेच दिसते. त्यांतलं मला आवडायचं ते ब्रेकची हवा काढण्याचं. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. दादा पेडलवर, मी चाकापाशी आडवी, हातात पाना आणि पारदर्शक नळी.

"दाब."

"दाबला."

"धर."

पाना पाव फेरा सैल, नळीतून तेल आणि त्यात बुडबुड्यांची माळ. पाना घट्ट.

"सोड."

पुन्हा. पुन्हा. मध्यरात्रीच्या शांततेत तेवढे तीनच शब्द. डॉट ४ दर्जाचं ताजं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यानं हवेतला ओलावा शोषला की ती मर्यादा १५५ पर्यंतही खाली येऊ शकते. म्हणून सीलबंद डबा त्याच रात्री उघडायचा. शेवटच्या चाकाच्या नळीतून एकही बुडबुडा आला नाही तेव्हा दादाने पेडल दाबून धरलं आणि म्हणाला, "दगड झालाय." लहानपणी सायकलचा ब्रेक दुरुस्त झाला की तो हेच म्हणायचा.

चाचणीचा दिवस आलाच नाही. ट्रक पहिल्यांदा स्वतःच्या चाकांवर चालला तो वर्कशॉपच्या दारापासून ट्रेलरपर्यंत.

तपासणीच्या वेळी अधिकाऱ्यांनी सीटच्या पट्ट्यांवरच्या मुदतीच्या तारखा बघितल्या, आग विझवायची बाटली, बॅटरी तोडायचा स्विच, ओढायचे हूक, सगळं बघितलं. मग एकांनी पिंजऱ्याच्या पाइपाला जाडी मोजायचं यंत्र लावलं आणि खिशातून छोटा आरसा काढला. तो त्यांनी छताच्या कोपऱ्यामागे धरला. तिथे सांध्याची मागची बाजू नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. बराच वेळ आरसा फिरवला. मग बोट फिरवलं. खांद्याच्या पट्टीजवळ एका बोल्टचं टोक बाहेर आलेलं होतं, ते तासाभरात कापून या म्हणाले. पिंजऱ्याबद्दल काहीच बोलले नाहीत. बिनरंगी ॲल्युमिनियमवर त्यांनी स्टिकर चिकटवला.

शर्यतीतलं सांगण्यासारखं थोडं आहे. पहिले ५० किलोमीटर ट्रक आम्ही कल्पिला होता त्याहून चांगला पळाला. एका उंचवट्यावरून चारही चाकं जमीन सोडून गेली आणि उतरताना एवढा दणका बसला की माझ्या हातातली वही खाली पडली. मी वाट बघत होते एखाद्या 'टक्' अशा आवाजाची. सुटणारा सांधा तसा बोलतो. आला नाही. मी पुढचं वळण सांगितलं.

७४ व्या किलोमीटरला स्टेअरिंग जड झालं. पाच मिनिटांनी तेलाचा धूर. पुढचं उजवं चाक पूर्ण वर आलं की पॉवर स्टेअरिंगची नळी एका क्लँपच्या कडेला घासत होती. स्टँडवर ट्रक उभा असताना तिथे बोटभर जागा होती. मोकळ्या माळावर एक दिवस पळवलं असतं तर अर्ध्या तासात सापडली असती. दादाने नुसत्या हाताच्या जोरावर आणखी २० किलोमीटर गाडी ओढली. मग त्याच्या मनगटांना पेलेना आणि आम्ही बाजूला घेतलं.

न्यायला येणाऱ्या गाडीला साडेतीन तास लागले. बाकीचे ट्रक एकेक करून जात राहिले. आधी धुळीचा लोट, मग आवाज, मग पुन्हा शांतता. ती नळी सापडली नाही याचं दुःख मला आहे. तो दिवस कापण्यात घालवला याचं नाही. दोन्ही गोष्टी एकाच दिवसाच्या आहेत आणि मी त्या एकमेकींतून वजा करायचा प्रयत्न कधी केला नाही. सूर्य खाली गेल्यावर दादाने हेल्मेट काढलं, आत हात घालून छताच्या उजव्या कोपऱ्यातल्या सांध्यावर अंगठा फिरवला आणि काही न बोलता माझ्या शेजारी येऊन बसला.

घरी आल्यावर आठ दिवस आम्ही ट्रकला हात लावला नाही. नवव्या दिवशी स्प्रिंग काढून चाक जॅकने पूर्ण वर नेलं, आणि नळीला जिथून जायला हवं होतं ती वाट मिळाली. तिथे एक नवीन क्लँप लागणार होता. पातळ पत्र्याचा, तळहाताएवढाही नाही, त्यावर कुणाचा जीव अवलंबून नव्हता. मी आधी दोन तुकडे जोडले. ते थंड होईपर्यंत थांबले, व्हाइसमध्ये पकडले, खाच घेतली, हातोडा मारला.

दादा दारात उभा होता.

"तुटला?"

"पत्रा दुमडला."

"मग लाव," तो म्हणाला आणि निळ्या रंगाचा डबा उघडायला गेला.